कुबरनेटिसच्या नोडवर डिस्कची वाटणी : आधी कोण फुगतं ते बघा, जीबी नंतर

नवीन नोड, म्हणजे कुबरनेटिस ज्यावर ॲपचे कंटेनर चालवतं तो सर्व्हर, उभा करायचा असला की सीपीयू किती, मेमरी किती यावर तासभर चर्चा होते, नेटवर्कवाले वेगळी मीटिंग लावतात, आणि डिस्कचा विषय निघाला की "५०० जीबी दिलीये ना, पुरे की" एवढ्यावर उरकतं. मग इन्स्टॉलर जे आपोआप करून देईल ते घ्यायचं, सगळं एका रूटमध्ये (ओएसच्या मुख्य पार्टिशनमध्ये), नेक्स्ट नेक्स्ट फिनिश. मला हे मनापासून खटकतं. कारण सीपीयू कमी पडला तर ॲप हळू चालतं, मेमरी कमी पडली तर एखादा पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) मरतो आणि परत उठतो, पण डिस्क भरली की ज्याचा काही संबंध नाही तोही बुडतो, आणि वाटणी नंतर बदलायची म्हटलं तर नोड रिकामा करून परत पहिल्यापासून सुरुवात.

आमच्या टीममध्ये नवीन आलेली मुलं पहिल्यांदा विचारतात ते "कुठल्या पार्टिशनला किती जीबी द्यायचे". मी म्हणते जीबी राहू दे बाजूला, आधी एक कागद घे आणि या सर्व्हरवर स्वतःहून वाढणाऱ्या गोष्टी कुठल्या ते लिही, आणि प्रत्येकीसमोर लिही की ही फुगली तर कोणाला घेऊन बुडेल. हा कागद नीट झाला की आकडे जवळजवळ आपोआप पडतात.

तर साध्या वर्कर नोडवर काय काय वाढतं? एक म्हणजे कंटेनरच्या इमेजेस (ज्यातून कंटेनर सुरू होतो ती तयार पुडकी) आणि चालू कंटेनरचा लिहिता थर (चालताना कंटेनर स्वतः लिहितो ते), हे दोन्ही कंटेनरडी (कंटेनर चालवणारा रनटाइम) असेल तर /व्हार/लिब/कंटेनरडी मध्ये. रजिस्ट्रीत (इमेजेसच्या कोठारात) दिसणारा इमेजचा साइज दाबलेल्या लेयरचा असतो, डिस्कवर ती उलगडली की सहज दुप्पट-तिप्पट होते, आणि वरून कंटेनरडी ते दाबलेले लेयरही तसेच ठेवून देतो, ते एक सेटिंग बदलून टाकून देता येतात पण बायडिफॉल्ट ठेवतोच. दुसरं /व्हार/लिब/क्युबलेट, म्हणजे नोडवर पॉड सांभाळणाऱ्या क्युबलेटची डिरेक्टरी, इथे पॉडचे एम्प्टीडिर (पॉडबरोबर जाणारी तात्पुरती जागा) असतात, कोणी त्यात तात्पुरत्या फायली टाकतं, कोणी कॅशे ठेवतं, कोणी अख्खा व्हिडिओ उतरवून घेतं. तिसरं /व्हार/लॉग, त्यात पॉडचे लॉग आणि होस्टचे (खुद्द सर्व्हरचे) लॉग दोन्ही. आणि चौथं, जे सगळे विसरतात, होस्टवर बसवलेले एजंट. मॉनिटरिंगचा, सिक्युरिटीचा, बॅकअपचा. हे कुबरनेटिसच्या हिशोबातच नसतात.

या चौथ्या प्रकाराने काय होतं ते मी एका ठिकाणी जवळून बघितलंय. सगळ्या नोडवर सगळं रूटमध्ये, एकच पार्टिशन. बॅकअपचा एजंट /ऑप्ट मध्ये स्वतःची कॅशे साठवत होता आणि ती साफच होत नव्हती. डिस्क ८५ टक्क्यांच्या वर गेली तशी क्युबलेटने आपलं काम सुरू केलं, आधी मेलेले कंटेनर साफ केले, मग न वापरलेल्या इमेजेस उडवल्या, तरी जागा होईना म्हणून पॉड हाकलायला लागला. एकामागून एक. बिचाऱ्या पॉडचा काही दोष नाही, जागा खातोय एजंट, पण क्युबलेटला पॉड सोडून दुसऱ्या कोणाला हात लावता येत नाही. हाकललेले पॉड शेजारच्या नोडवर गेले, तिथे त्यांच्या इमेजेस उतरल्या, आणि तिथेही तोच एजंट तीच कॅशे घेऊन बसलेला, सगळीकडे एकच कॉन्फिग असल्यामुळे सगळे नोड जवळपास एकाच सुमारास काठावर आले होते. पहिल्या नोडवर लॉगिन केलं तर टॅब दाबल्यावर पाथ पूर्ण व्हायच्या ऐवजी बॅश सांगतोय की टेम्प फाइल बनवता येत नाही, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. म्हणजे जिथे बघून काहीतरी दुरुस्त करायचंय तिथे साधा पाथ टाइप करायचीही पंचाईत. कंटेनरडी आणि क्युबलेट या दोघांच्या डिरेक्टऱ्या वेगळ्या फाइलसिस्टीमवर असत्या तर एजंटने रूट भरवला असता, अलर्ट वाजला असता, कोणीतरी सकाळी येऊन कॅशे साफ केली असती आणि पॉडना पत्ताही लागला नसता.

आता क्युबलेट नेमकं काय बघतो ते समजून घेतलं पाहिजे, कारण वाटणीचं अर्धं गणित तिथेच आहे. त्याला मुख्यतः दोन फाइलसिस्टीम कळतात. एक नोडएफएस, म्हणजे जिच्यावर /व्हार/लिब/क्युबलेट आहे ती. दुसरी इमेजएफएस, म्हणजे जिथे कंटेनर रनटाइम इमेजेस आणि लिहिते थर ठेवतो ती. (नवीन व्हर्जनमध्ये कंटेनरएफएस म्हणून तिसरी आलीये, इमेजेस आणि लिहिते थर वेगळे ठेवता येतात, पण सगळ्या रनटाइममध्ये ते नाही.) बायडिफॉल्ट नोडएफएसवर १० टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली किंवा इमेजएफएसवर १५ टक्क्यांपेक्षा कमी उरली की नोडवर डिस्क प्रेशर लागतं, नवीन पॉड येणं बंद आणि जुने हाकलणं चालू. आणि न वापरलेल्या इमेजेसची सफाई ८५ टक्के भरल्यावर सुरू होते, ८० पर्यंत खाली आणते. जरा नीट बघा, ८५ टक्के भरलं म्हणजेच १५ टक्के उरलं. म्हणजे शांतपणे सफाई सुरू व्हायची रेघ आणि पॉड हाकलायची रेघ एकाच जागी आहे. मी सफाईची रेघ ७० वर आणि खालची ६० वर आणते, मग एव्हिक्शनची (पॉड हाकलायची) वेळ सहसा येत नाही.

टक्क्यांचा अजून एक त्रास. २०० जीबीचे १५ टक्के म्हणजे ३० जीबी, ठीक आहे. पण २ टीबीची डिस्क दिली तर ३०० जीबी मोकळे असतानाही क्युबलेट घाबरतो. मोठ्या डिस्कवर टक्क्यांऐवजी सरळ जीबीत आकडा द्यावा, तशी सोय आहे. फक्त एक गोष्ट फार जपून करा, एव्हिक्शन हार्ड या सेटिंगमध्ये (पॉड हाकलायच्या रेघा इथे लिहितात) तुम्ही एक जरी आकडा स्वतः दिला तर बाकीचे डिफॉल्ट तसेच राहतील असं समजू नका, ते शून्य धरले जातात. नवीन व्हर्जनमध्ये ते एकत्र करायचा पर्याय आलाय पण तो मुद्दाम चालू करावा लागतो. म्हणून लिहायचे तर सगळे लिहा, मेमरीचा १०० एमबी, नोडएफएसचा, इमेजएफएसचा, आयनोडचा (फायलींच्या नोंदींचा), सगळे. नाहीतर इमेजएफएस सुधारलं म्हणून खूश आणि मेमरीचं संरक्षण मात्र गुपचूप गेलेलं.

माझी वाटणी साधारण अशी असते, दोन डिस्क मिळाल्या तर फारच बरं, ओएससाठी १०० जीबी आणि डेटासाठी ५०० जीबी धरा. ओएसच्या डिस्कवर ईएफआयला ६०० एमबी, /बूट ला १ जीबी, बाकी एलव्हीएम (डिस्कचे भाग नंतर वाढवता येतात अशी लिनक्सची सोय), त्यात रूटला ४० आणि /व्हार/लॉग ला १५, उरलेलं मोकळं. डेटाच्या डिस्कवर पार्टिशनच करत नाही, अख्खी डिस्क एलव्हीएमला देते, त्यातून कंटेनरडीला २००, क्युबलेटला १००, आणि २०० जीबी कुणालाच नाही. हे २०० मोकळे बघून साहेब लोकांना चुकल्यासारखं वाटतं, पैसे देऊन घेतलेली जागा रिकामी का. पण मला आज खरंच माहीत नाही की पुढच्या वर्षी या नोडवर मोठ्या इमेजेसवाले मशीन लर्निंगचे पॉड येणार की एम्प्टीडिर खाणारे बॅच जॉब. एक्सएफएस ही फाइलसिस्टीम वाढवता येते, कमी करता येत नाही. मोकळं ठेवलेलं असेल तर एलव्हीएक्सटेंड ला आर फ्लॅग लावून एका कमांडमध्ये, चालू नोडवर, एकही पॉड न हलवता जागा वाढते. पहिल्याच दिवशी सगळं वाटून टाकलं तर हे हातातून गेलं.

स्वॅपला (मेमरी अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) मी जागा देत नाही. क्युबलेट बायडिफॉल्ट स्वॅप चालू असेल तर उठतच नाही, आणि अलीकडे स्वॅपची सोय आली असली तरी ज्याला खरंच पाहिजे त्याने मोकळ्या जागेतून काढून घ्यावी.

/व्हार/लॉग ला १५ जीबी कुठून आले ते सांगते, कारण इथे माणसं अंदाजपंचे आकडा टाकतात. क्युबलेट एका कंटेनरचा लॉग १० एमबी झाला की फिरवतो आणि ५ फायली ठेवतो, म्हणजे कंटेनरमागे ५० एमबी. एका नोडवर बायडिफॉल्ट जास्तीत जास्त ११० पॉड. प्रत्येक पॉडमध्ये दोन कंटेनर धरा, एक ॲप आणि एक साइडकार (त्याचा सोबती मदतनीस), तर ११० गुणिले २ गुणिले ५०, म्हणजे ११ हजार एमबी, पावणेअकरा जीबी. त्यावर जर्नल (होस्टचा सिस्टमडी लॉग), ते बायडिफॉल्ट फाइलसिस्टीमच्या १० टक्क्यांपर्यंत जातं म्हणजे दीड जीबी. थोडी हवा सोडली की १५. आणि हे गणित करावंच लागतं, कारण /व्हार/लॉग वेगळी काढली की ती नोडएफएसही नाही आणि इमेजएफएसही नाही, क्युबलेटची नजर तिच्यावर नसते. भरली तर तो कोणाला हाकलणार नाही, काही सांगणारही नाही, लॉग गुपचूप लिहिले जायचे थांबतील. तिथला अलर्ट आपला आपणच लावायचा.

आणि हे सगळं फक्त स्टँडर्ड आउटपुटवर येणाऱ्या लॉगसाठी. ॲपने कंटेनरच्या आत फाइलमध्ये लॉग लिहिला, जुन्या जावा ॲपमध्ये सर्रास असतं, तर तो लिहित्या थरात जातो, म्हणजे इमेजएफएसवर, आणि त्याला कोणी फिरवत नाही. डेव्हलपरने डीबग लेव्हल चालू ठेवून सुट्टीवर जायचं आणि इकडे कंटेनरडीचं पार्टिशन फुगायचं. यावर औषध वाटणीत नाही, पॉडला इफेमेरल स्टोरेजची (तात्पुरत्या जागेची) लिमिट लावणं हेच औषध आहे. डॉकर (कंटेनर चालवायचं दुसरं टूल) थेट वापरणाऱ्यांनी तर अजून जपायला पाहिजे, डॉकरच्या जेसन-फाइल लॉगिंगला बायडिफॉल्ट साइजची मर्यादाच नाही.

वाटणी चांगली म्हणून कितीही तुकडे करायचे का, तर अजिबात नाही. मी असा सर्व्हर बघितलाय जिथे सिक्युरिटीच्या चेकलिस्टप्रमाणे /टेम्प, /व्हार, /व्हार/टेम्प, /व्हार/लॉग, /व्हार/लॉग/ऑडिट, /होम सगळं वेगळं, प्रत्येकाला ५-१० जीबी, आणि कंटेनरचा डेटा मात्र त्या १० जीबीच्या /व्हार मध्येच. भावकीत वाटण्या होऊन होऊन गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पडावेत आणि बैलजोडी वळवायलाही जागा राहू नये तसं. चेकलिस्ट हिरवी झाली पण तीन इमेजेस उतरल्या की नोड बंद. माझ्या मते भिंत तिथेच घालावी जिथे दोन्ही बाजूच्या गोष्टी वेगवेगळ्या कारणाने वाढतात आणि एकीने दुसरीला बुडवलेलं चालणार नाही. बाकी मोकळं राहू द्या.

आता कंट्रोल प्लेन (सगळ्या नोडचा क्लस्टर चालवणारा भाग), आणि त्यातही एटसीडी, म्हणजे क्लस्टरची माहिती ठेवणारा डेटाबेस. इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे, पार्टिशन जागा वाटतं, वेग वाटत नाही. एकाच डिस्कवर एटसीडीला वेगळं पार्टिशन दिलं म्हणून खूश होणारे खूप भेटतात, पण शेजारच्या पार्टिशनवर एखादी मोठी इमेज उलगडायला लागली की डिस्कची रांग दोघांची एकच आहे. एटसीडी प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहून डिस्कवर पक्का झाला याची खात्री करतो मगच पुढे जातो. त्याचा हार्टबीट १०० मिलिसेकंदांचा आणि इलेक्शनचा (नवा लीडर, म्हणजे मुख्य प्रत, निवडायचा) टाइमआउट १००० मिलिसेकंदांचा, तर डिस्क अधूनमधून अडकायला लागली की लीडर बदलायला लागतात आणि वरून दिसतं काय, की क्लस्टर विनाकारण डुलक्या घेतोय. लोक नेटवर्क तपासत बसतात. म्हणून /व्हार/लिब/एटसीडी ला जमलं तर स्वतंत्र एसएसडी किंवा एनव्हीएमई, जागेची चिंता नको, डेटाबेसची मर्यादा बायडिफॉल्ट २ जीबी आणि जास्तीत जास्त ८ सुचवतात, २० जीबीत आरामात राहतो, पण ती डिस्क त्याची एकट्याची पाहिजे. आधी एफआयओने (डिस्कचा वेग मोजायचं टूल) मोजून बघा, २३०० बाइटचे तुकडे, २२ एमबी साइज, दर लिखाणानंतर एफडेटासिंक (लिहिलेलं डिस्कवर पक्कं करणं), आणि ९९ वा पर्सेंटाइल १० मिलिसेकंदांच्या आत आला पाहिजे. आणि कृपा करून त्याचे बॅकअप त्याच डिस्कवर साठवू नका.

फाइलसिस्टीमचं थोडक्यात. कंटेनरडीसाठी मी एक्सएफएस घेते, मुख्य कारण आयनोड. ईएक्सटी४ फॉरमॅट करतानाच दर १६ केबीमागे एक आयनोड ठरवून टाकते, २०० जीबीला साधारण १ कोटी ३१ लाख होतात, ऐकायला खूप वाटतात पण नोडजेएसच्या इमेजेसमध्ये नोड मॉड्यूल्सच्या बारीक बारीक लाखो फायली असतात, आणि मग डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) जागा दाखवतं पण फाइल काही बनत नाही. डीएफला आय फ्लॅग लावला की कळतं. एक्सएफएस आयनोड लागतील तसे बनवते. एवढं एक बघा की एफटाइप १ आहे, एक्सएफएस-इन्फोमध्ये दिसतं, सेंटओएस ७ च्या सुरुवातीच्या काळात फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ते ० असू शकतं आणि मग ओव्हरले (इमेजचे थर एकावर एक रचणारी फाइलसिस्टीम) नीट चालत नाही, बदलायला परत फॉरमॅट करण्याशिवाय मार्ग नाही. ईएक्सटी४ ठेवलीच तर रूट यूजरसाठी राखून ठेवलेले ५ टक्के ट्यून२एफएसने १ वर आणा, डेटाच्या पार्टिशनवर त्याचा उपयोग नाही.

माउंट करताना मात्र घाई नको. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे माउंट करायची ती फाइल) /डेव्ह/एसडीबी असं नाव लिहू नका, रीबूटनंतर नावं अदलाबदल होऊ शकतात, यूयूआयडी किंवा एलव्हीचं नाव लिहा. आणि तिथे नोफेल हा पर्याय लावला असेल तर एक वाईट गोष्ट घडते, डिस्क माउंट झाली नाही तरी सर्व्हर उठतो, कंटेनरडीला समोर रिकामी डिरेक्टरी दिसते, तो बिनधास्त रूटवर सगळ्या इमेजेस परत उतरवायला लागतो. पुढच्या रीबूटला डिस्क नीट माउंट झाली की रूटवरचा तो सगळा डेटा माउंटच्या खाली झाकला जातो, डीएफ म्हणतं रूट भरलंय, डीयू (डिरेक्टऱ्यांचे साइज मोजणारी कमांड) म्हणतं कुठेच काही नाही. (असं दिसलं तर रूटला दुसरीकडे बाइंड माउंट करून त्या डिरेक्टरीत डोकवा.) हे होऊच नये म्हणून कंटेनरडी आणि क्युबलेट दोघांच्या सिस्टमडी युनिटमध्ये रिक्वायर्स-माउंट्स-फॉर टाकून त्यांचे पाथ द्या, मग माउंट नाही तर सर्व्हिसही नाही. शिवाय माउंट करायच्या आधी खालच्या रिकाम्या डिरेक्टरीला चॅटरने इम्युटेबल करून ठेवा, कोणी चुकून लिहूच शकणार नाही.

डेटा दुसरीकडे हलवायचा तर सिमलिंकपेक्षा थेट मूळ पाथवरच माउंट करा. विशेषतः क्युबलेटची डिरेक्टरी, बरेच सीएसआय (स्टोरेज जोडणारे) ड्रायव्हर /व्हार/लिब/क्युबलेट हाच पाथ धरून चालतात.

जुने क्लस्टर सांभाळणाऱ्यांनी एक आवर्जून तपासा. कुबरनेटिस १.२४ मध्ये, मे २०२२ ला, डॉकरशिम (डॉकरशी जोडणारा दुवा) काढून टाकला आणि बहुतेक सगळे कंटेनरडीवर गेले. पण डिस्क वाटलेली होती डॉकरच्या काळात. /व्हार/लिब/डॉकर ला २०० जीबीचं झकास पार्टिशन, ते आता रिकामं पडलंय, आणि खऱ्या इमेजेस चालल्यात रूटवर, कारण /व्हार/लिब/कंटेनरडी ला कोणी वेगळी जागा दिलीच नाही. थेट डॉकर वापरणाऱ्यांनाही हेच लागू, कंटेनरडी इमेज स्टोअर चालू केलं की इमेजेस डॉकरच्या डेटा-रूटमध्ये जात नाहीत, कंटेनरडीच्या डिरेक्टरीत जातात. के३एस (कुबरनेटिसची हलकी आवृत्ती) वाल्यांचं सगळं अजून तिसरीकडे, /व्हार/लिब/रँचर खाली, आणि त्याचा लोकल-पाथ प्रोव्हिजनर पीव्हीसीला (पॉडने मागितलेल्या कायमच्या जागेला) १० जीबी लिहिलं तरी १० वर अडवत नाही, भरत राहतो, तेव्हा ती स्टोरेजची डिरेक्टरी वेगळी काढाच. ओपनशिफ्टमध्ये (रेड हॅटचं कुबरनेटिस) मोकळीक कमी आहे, तिथे /व्हार किंवा त्याच्या आतली एखादी डिरेक्टरी वेगळी काढता येते आणि तेही इन्स्टॉलच्या वेळीच ठरवावं लागतं.

सगळं झालं की नोड प्रॉडक्शनमध्ये द्यायच्या आधी त्याला मुद्दाम भरून बघा. फॅलोकेट कमांडने क्युबलेटच्या पार्टिशनवर मोठी फाइल बनवा, जागा रेघेच्या खाली आली की काही सेकंदांत नोडवर डिस्क प्रेशर दिसायला पाहिजे. तीच फाइल रूटवर बनवून बघा, तिथे क्युबलेटला काही कळता कामा नये, फक्त तुमचा अलर्ट वाजला पाहिजे. मग /व्हार/लॉग वर. फाइल उडवल्यावर डिस्क प्रेशर लगेच जात नाही, बायडिफॉल्ट पाच मिनिटं राहतं, तेव्हा लगेच क्युबलेट रीस्टार्ट करत बसू नका, नोड आपणहून परत पॉड घ्यायला लागतो.